पुण्याचा ब्रूपब की जळगावची परमिट रूम?

बियरचं म्हणाल तर ब्रूपबच भारी, म्हणजे जिथे बियर तिथेच बनवतात तो पब, टाकीतून थेट ग्लासात येते, बाटलीसारखी पाश्चराईज केलेली (टिकावी म्हणून तापवलेली) नसते बहुतेक ठिकाणी, आणि ती जर्मन पद्धतीची गव्हाची बियर असते ना तिला चक्क केळीचा वास येतो, केळं एकपण टाकलेलं नसतं हां, सगळं यीस्टचं काम, आपल्या केळीवाल्या रावेर-यावलकरांनी तर घेऊन बघावीच. पण जेवण? पिझ्झा नि विंग्ज, आणि बिल बघून चढलेली उतरते. आपल्याकडे परमिट रूमला बाटली थंडगार असली की झालं, चवीत फार काही नाही, पण सोबत तर्रीवाली शेवभाजी, हिवाळ्यात भरीत नि कळण्याची भाकरी! गव्हाच्या बियरसोबत भरीत देणारा कोणी निघाला तर सांगा, लगेच निघतो.