सायकलचे ७०० बाय ४० चे टायर: कोथरूड ते औंध आणि अधूनमधून टेकडी

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव देणार नाहीये. नाव घेतलं की लोक कंपनीवरून भांडत बसतात आणि साइजचं राहूनच जातं, मला तर साइजबद्दलच बोलायचंय (७०० म्हणजे चाकाचा ढोबळ व्यास, ४० म्हणजे टायरची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये). टायर देशी आहेत, तारेच्या बीडचे (बीड म्हणजे रिममध्ये अडकते ती टायरची कड), मधला पट्टा जवळपास गुळगुळीत, दोन्ही कडांना बारीक नॉब म्हणजे रबराचे उंचवटे आणि आत पंक्चर अडवायला रबराचा एक जादा थर. जोडी अडीच हजारांच्या आत मिळाली, ट्यूबा वेगळ्या. सायकल माझी जुनीच हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली, सस्पेन्शन नाही, डिस्क नाही, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे व्ही-ब्रेक. कंपनीकडून आलेल्या ३५ च्या टायरना बाजूने चिरा पडायला लागल्या तेव्हा हे बसवले आणि आता त्यांच्यावर एक सबंध पावसाळा आणि नंतरचा उन्हाळा काढून झालाय.

माझं मत सरळ आहे. पुण्यात रोज सायकलने कामाला जायचं असेल तर नवीन सायकल, जास्तीचे गिअर, पुढचं सस्पेन्शन ह्या सगळ्याच्या आधी टायरवर पैसे घाला. स्वस्तातल्या सायकलींना लावतात तो सस्पेन्शनचा फोर्क एकटाच दोन-अडीच किलोचा असतो, चढावर उभं राहून पॅडल मारलं की तो खालीवर होत तुमचीच ताकद खातो आणि वर्ष-दोन वर्षांत पावसाचं पाणी जाऊन नुसता शोभेला उरतो. त्यापेक्षा जाड टायर कमी हवेवर चालवा, दणका टायरच पचवतो आणि त्याला ना ऑइल लागतं ना सर्व्हिसिंग.

आता रस्ता. डहाणूकर कॉलनीतून निघायचं, कर्वे रोड, नळस्टॉपहून लॉ कॉलेज रोड, मग सेनापती बापट रोडचा चढ, चतुःशृंगी, विद्यापीठ चौक आणि पुढे ब्रेमेन चौकाकडून औंध. एका बाजूने साधारण दहा किलोमीटर. ह्या दहा किलोमीटरमध्ये चाकाखाली सलग एकच रस्ता असा कधी येतच नाही, जरा डांबर, मग काँक्रीट, त्या दोघांच्या जोडावर दोन बोटांची पायरी, मग पेव्हर ब्लॉक, मग कुणीतरी केबलसाठी खोदून मातीने बुजवलेला पट्टा आणि मग रंबलर म्हणजे बुटके स्पीडब्रेकर, तेही एक नाही, ओळीने पाच-सहा. आणि चेंबरची झाकणं! डांबराचे थर एकावर एक चढत जातात आणि झाकण बिचारं आपल्या मूळ पातळीवर राहतं, त्यामुळे प्रत्येक झाकण म्हणजे तयार चौकोनी खड्डा, कडा एकदम धारदार. सायकलवाल्याला डावी कड मिळते आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट असते कारण उतार तिकडे, पाणी तिकडे, गाड्यांच्या चाकांनी उडवलेली खडी, काचा, तारा सगळं तिकडेच जमा होतं, वर बसस्टॉपही तिकडेच.

३५ वर मी झाकणं चुकवत चालवायचे आणि झाकण चुकवायला उजवीकडे गेलं की मागची स्कूटर हॉर्न मारणार, हे ठरलेलं. ४० वर निम्मी झाकणं मी चुकवतच नाही, बुड जरा उचलते आणि सरळ वरून जाते. सरळ रेषेत चालवता येणं हा ह्या टायरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा आहे. आरामाचं नंतर, आधी हे, कारण मागच्याला तुम्ही कुठे जाणार ते कळतं.

काँक्रीटच्या रस्त्यावर अजून एक भानगड असते. दोन स्लॅबच्या मध्ये जाण्याच्या दिशेनेच जी लांबट फट असते ना, तिच्यातला डांबराचा मसाला निघून गेला की ती रेसिंग सायकलचं २५-२८ चं चाक आरामात गिळते. गल्लीबोळात सिमेंटचे रस्ते झाल्यापासून हे जागोजागी आहे. ४० चं चाक तिथे अडकत नाही, फारतर हँडल किंचित ओढल्यासारखं वाटतं. तरी फट तिरकीच ओलांडा, समांतर नको.

सायकल ट्रॅकबद्दल काय बोलायचं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते आमच्या आईवडलांच्या पिढीने पाहिलं, आपल्याला ट्रॅक मिळाले. सातारा रोडला २००६ मध्ये बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) आली तेव्हा तिच्यासोबत ट्रॅकही आले, जंगली महाराज रोडला नंतर रुंद फुटपाथ आणि ट्रॅक झाला. दिसायला छान. पण एकंदरीत ट्रॅकवर सायकल सोडून सगळं सापडतं, पार्क केलेल्या स्कूटी, विजेचे डीपी बॉक्स, चहाची टपरी, टपरीवरचे लोक, आणि ट्रॅक जिथे संपतो तिथे रॅम्पऐवजी कर्ब. मी ट्रॅक सकाळी सातच्या आधी वापरते, नंतर रस्ताच बरा. पेव्हर ब्लॉकवर जुन्या टायरने मनगटात जी झिणझिण यायची ती मात्र आता येत नाही.

आता हवा, कारण जाड टायर घेऊन त्यात ठासून हवा भरली तर पैसे पाण्यात. दुकानात नवीन टायर बसवून देताना सगळेच जण दगडासारखे फुगवून देतात, अंगठ्याने दाबून "बघा ताई, एकदम टाइट" म्हणतात. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्यातला जास्तीचा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. माझं वजन साठ-पासष्टच्या मधे (नेमकं विचारू नका), मागे पॅनियरमध्ये (कॅरिअरला लटकवायची पिशवी) लॅपटॉप, डबा आणि कपडे. मी मागे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढे ४५ ठेवते, पावसात दोन्हीकडे पाच कमी. मागच्या चाकावर वजन जास्त असतं म्हणून तिकडे जास्त, एवढं साधं आहे. तुमचं वजन ऐंशीच्या पुढे असेल तर वाढवा. फार कमी केलीत तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. गेजवाला उभा पंप घ्या, हजार-बाराशेत येतो, आणि आठवड्यातून एकदा बघा. ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वची घ्या, म्हणजे वाटेत कुठल्याही पेट्रोल पंपावर भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर अॅडॅप्टर खिशात ठेवावा लागतो आणि तो ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसऱ्या पॅंटमध्ये असतो.

हवेवरून आठवलं, २०१७ च्या डिसेंबरात औंधात आणि विद्यापीठात त्या अॅपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या. नंतर आलेल्यांपैकी काहींना भरीव टायर होते, हवाच नाही, म्हणजे पंक्चरचा विषयच संपला. पण चालवल्यावर कवळी असती तर बाहेर आली असती. त्या सायकली पुढे रस्त्यावरून गेल्या त्याची कारणं बरीच होती, टायर त्यातलं लहानसंच असेल, पण टायरमधली हवा कशासाठी असते हे त्यांच्यावर बसल्यावर बरोबर कळायचं.

पंक्चर. हे टायर पंक्चर होतच नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, होतात, फक्त बरेच कमी. काच आणि खडी ह्या थराला अजून भेदता आलेली नाही. भेदते ती तार. ट्रकचा, बसचा रेडियल टायर फाटला की त्यातल्या पोलादी जाळीचे केसासारखे तुकडे रस्त्यावर पडतात, हायवेच्या सर्व्हिस रोडला तर खच असतो. ती तार डोळ्याला दिसत नाही, आत तिरकी बसते आणि हवा एकदम जात नाही, रात्रभरात जाते. सकाळी घाईच्या वेळी चाक चपटं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरून भोक शोधून दिलं की घाईघाईत परत घालू देऊ नका, टायरच्या आतून कापूस फिरवा. बोट नाही, कापूस. तार असेल तिथे त्याचे तंतू अडकतात, मग नेलकटरने ओढून काढा. आमचा पंक्चरवाला आधी हसला होता, आता त्याच्याच डब्यात कापूस असतो.

आणि हो, हे टायर रिमवर चढवायला नवीन असताना भलतेच कडक होते. शेवटची वीत लिव्हरने (टायर काढा-घालायच्या पट्टीने) घालायला जाऊ नका, नवी ट्यूब तिथेच चिमटते. बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात सगळीकडून दाबत आणा, मग हातानेच चढतो.

पावसाळ्यात पकड चांगली आहे, पण ओल्या झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, लोखंडी झाकणावर आणि मेट्रोच्या कामांसाठी टाकतात त्या पत्र्यांवर जगातला कुठलाही टायर घसरणार, तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको. डबक्याचं तर काही खरं नाही, खाली काय आहे ते महापौरालाही माहीत नसेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, ज्यांचा रोजचा रस्ता तो आहे त्यांना मग गर्दीतूनच जावं लागतं. माझा तो नाही, पण पेठांमध्ये काम असलं की मीही तिथूनच जाते, गाळ साफ केल्यावरही पात्रातल्या रस्त्यावर बरेच दिवस चिकट पातळ थर राहतो आणि वळणावर ह्या टायरचे कडेचे नॉब तिथे खरंच कामाला आले.

मडगार्डचं आधी मोजा. ४० चा टायर म्हणजे मडगार्ड निदान ५० चं हवं, शिवाय फोर्कमध्ये आणि ब्रेकच्या खाली जागा हवी. माझ्या सायकलीत जेमतेम मावतं. जुनं मडगार्ड घासायला लागलं, ते बदलावं लागलं, तो खर्च धरून चाला. आणि मडगार्डशिवाय पावसाळा काढणार असाल तर पाठीवर उभी रेघ घेऊन मीटिंगला बसायची तयारी ठेवा.

आता टेकडी. रविवारी पाषाणच्या बाजूने किंवा गोखलेनगरहून वेताळ टेकडीवर जाते, सायकल काही ठिकाणी ढकलतच, उगाच बढाया मारत नाही. टेकडीवरची वाट ऋतूप्रमाणे पूर्ण बदलते. उन्हाळ्यात वरचा मुरूम सुटा होतो, छर्ऱ्यांवरून चालवल्यासारखं होतं, उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं. तिथे ४० कमी पडतो, खरं एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं, दोन इंची चाकच हवं. पावसाळ्यात दोन प्रकार आहेत. मुरमाच्या वाटेवरचं पाणी लगेच निचरतं, तास-दोन तासांनी मस्त घट्ट वाट मिळते. पण जिथे काळी माती आहे तिथे विसरा. ती टायरला चिकटते, वर थर बसत जातात आणि मडगार्डमध्ये गच्च भरून चाक चक्क थांबतं, मग काटकी घेऊन कोरत बसा. शिवाय ओल्या वाटेवर चाकाची जी चर पडते तिच्यातूनच पुढचं पाणी वाहतं आणि वाट धुपत जाते, त्यामुळे जोराच्या पावसानंतर दोन दिवस टेकडीवर सायकल नेऊच नये असं मला वाटतं. पटणार नाही काहींना.

सगळ्यात छान महिने नोव्हेंबर ते जानेवारी, आणि सगळ्यात जास्त काटेही तेव्हाच. गवत वाळलं की कुसळं मोज्यात आणि सराटे टायरमध्ये. सराट्याचा काटा आखूड असतो, जादा थरात बहुतेक वेळा अडतो, पण उपटायचा कंटाळा केला तर रोज थोडा थोडा आत जातो. बाभळीचा काटा लांब, त्याला हा थर किस झाड की पत्ती. म्हणून टेकडीवरून उतरलं की चाक उचलून हळू फिरवत सगळे काटे तिथेच काढायचे. फिरायला येणारे आजी-आजोबा विचारतात काय हरवलं म्हणून. त्यांच्यासाठी घंटी लांबूनच वाजवा आणि अरुंद वाटेवर उतरून चाला, टेकडी आधी त्यांची आहे.

तोटे सांगते. जड आहेत, सिग्नलला थांबून परत निघताना कळतं, आणि विद्यापीठ चौकात थांबणं-निघणं किती वेळा होतं ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. सेनापती बापट रोडच्या चढाला एक गिअर खाली जावं लागतं. सिंहगडला रोडबाइकवाल्या ग्रुपबरोबर गेले तेव्हा खडकवासल्यापर्यंतच मागे पडले, घाटात तर त्यांचा चहा पिऊन झाला होता. कडेच्या नॉबचा गुळगुळीत डांबरावर घूं घूं आवाज येतो, रिकाम्या रस्त्यावर जास्तच. मागचा टायर मधे चपटा झिजत चाललाय, अजून एक पावसाळा निघेल, पुढचा तसाच नव्यासारखा.

घेण्याआधी साइज टायरवरच वाचा, दुकानात तोंडी सांगू नका. ४०-६२२ असं छापलेलं असेल तर तेच ७०० बाय ४० (६२२ म्हणजे टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये), आणि २९ इंची एमटीबीची रिमही ६२२ च असते, हे बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसतं. २७.५ इंची म्हणजे ५८४. २६ इंचीत मात्र घोळ आहे, एमटीबीचं २६ म्हणजे ५५९ आणि जुन्या लेडीज सायकलचं २६ बाय एक तीन अष्टमांश म्हणजे ५९०, दोन्हीला सगळे सव्वीसच म्हणतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला काही केल्या बसत नाही. रोडबाइक असेल तर हे टायर तुमच्यासाठी नाहीत, फोर्कमध्ये जाणारच नाहीत, तिथे ब्रेकमध्ये मावेल तेवढं, २८ किंवा जमलं तर ३२. हायब्रिड असेल आणि टायर आणि फोर्क यांच्यात सगळीकडून निदान सहा मिलिमीटर जागा उरत असेल तर खुशाल घ्या, आणि मे महिन्यातच घ्या, जूनमध्ये दुकानात मडगार्ड शिल्लक नसतात.