ऑफिससाठी कॅरम बोर्ड घेताय? नुसत्या जाडीवर भुलू नका

दहा-पंधरा माणसांच्या कंपनीत "विरंगुळ्याला काहीतरी घेऊ या" असं ठरलं की पहिलं नाव टेबल टेनिसचं निघतं. ते टेबलच २.७४ मीटर लांब, शिवाय मागे सरकायला जागा हवी. टेप लावली की विषय संपतो. उरतो कॅरम. चौघं खेळतात, चौघं डोक्याशी उभे राहून फुकटचे सल्ले देतात आणि कालच रुजू झालेल्यालाही आज खेळात घेता येतं. छोट्या ऑफिसासाठी याहून सोयीची वस्तू नाही. फक्त पैसे भलतीकडे जातात. दुकानदार सांगतो म्हणून जाडजूड बोर्ड येतो, मग तो कॉन्फरन्स टेबलावर ठेवला जातो, खेळणारे चाकांच्या खुर्च्यांवर बसतात आणि दोन महिन्यांत बोर्ड कपाटामागे जातो.

हे परीक्षण मधल्या दर्जाच्या फुल साइज बोर्डाचं आहे: आतून ७४ सेंटिमीटर, ८ मिलिमीटर प्लाय, चौकट सुमारे तीन इंच रुंद. अमुक एका ब्रँडचं नाव घेतलेलं नाही, कारण याच मापाचे बोर्ड क्रीडासाहित्याच्या दुकानांत बऱ्याच नावांनी मिळतात आणि एकाच नावाच्या दोन बोर्डांतही फरक निघतो. निकाल आधीच सांगून टाकतो. ऑफिससाठी हाच घ्या, याच्या वर जाऊ नका, आणि वाचलेले पैसे स्टँड, दिवा आणि सोंगट्यांच्या दुसऱ्या सेटवर घाला.

मापात पहिली फसगत होते. कोणी चौकटीसकट इंच सांगतं, कोणी चौकट सोडून. "आतून किती?" एवढंच विचारा. २९ इंच, म्हणजे ७४ सेंटिमीटर, हे उत्तर आलं पाहिजे. तीन इंचांची चौकट धरली की बाहेरून बोर्ड ८९-९० सेंटिमीटर भरतो. केबिनच्या दारातून तो उभा करूनच न्यावा लागेल. "२६ इंची" म्हणून मिळणारा बोर्ड बाहेरून तेवढा असेल तर आतून जेमतेम २० ते २३ इंच राहतो. तो घरच्या पोरांसाठी. मोठी माणसं त्यावर कोपरं एकमेकांत अडकवून खेळतात आणि प्रत्येक पॉकेट हाताशी आल्यामुळे खेळात दम राहत नाही. जागेचं म्हणाल तर चार खुर्च्यांसकट साधारण अडीच मीटर लांब-रुंद मोकळा कोपरा हवा.

आता जाडी. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत प्लाय किमान ८ मिलिमीटर सांगितलाय. चार मिलिमीटरच्या स्वस्त बोर्डाला मागून आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात. पट्टीवरचा भाग ताठ राहतो आणि मधला बसतो, त्यामुळे हळू ढकललेली सोंगटी शेवटच्या वितीत आपोआप वळते. तो घेऊच नका. १२, १६ किंवा त्याहून जाड बोर्ड खेळायला निःसंशय सरस: आकार धरून राहतो, स्ट्रायकरचा आवाज भरीव येतो. पण तो क्लबात, एका जागी ठाण मांडून बसण्यासाठी असतो. छोट्या ऑफिसात क्लायंट आला की बोर्ड उचला, मीटिंग संपली की परत मांडा, असं चालतं. जड बोर्ड एकट्याला पेलत नाही, मग तो फरशीवरून ओढला जातो, कोपऱ्यावर आपटतो आणि चौकटीचा तिरका सांधा उघडतो. एकदा सांधा उघडला की त्या बाजूचा रिबाउंड, म्हणजे चौकटीवर आपटून परत येणं, गेला. आठ मिलिमीटरचा बोर्ड दोन माणसं सहज उचलतात, म्हणून तो जास्त टिकतो.

दुकानात बोर्ड पारखायला दहा मिनिटं द्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा, दोन्ही कर्णांवर. मध्ये दोरा आणि प्लाय यांत फट दिसली तर बोर्ड बसलाय, मध्ये दोरा टेकून कडेला उचलला गेला तर फुगलाय. मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका मारा, लाटा लगेच दिसतात. पॉकेटच्या कडेवरून नख फिरवा; प्लायची धार नखाला लागली तर सोंगटी तिथे अडून बसणार. चौकटीवर चारही बाजूंना टिचकी मारून ऐका, एखाद्या बाजूचा आवाज पोकळ आला तर चौकट तिथे नीट चिकटलेली नाही. शेवटी पावडर टाकून स्ट्रायकर पूर्ण जोरात समोरच्या चौकटीवर सरळ मारा. चांगल्या पृष्ठभागावर १५ ग्रॅमचा स्ट्रायकर किमान साडेतीन वेळा आरपार जातो, हाही नियमातलाच निकष आहे. परत येताना तो त्याच रेषेत आला पाहिजे. दुकानदार मारू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. जाळ्या बघायला विसरू नका: दहा सोंगट्या मावतील एवढी खोल, दोऱ्याची विणलेली जाळी हवी. उथळ जाळीतून सोंगटी उसळून बाहेर येते आणि मग ती गेली धरायची की नाही यावर पूर्ण टीम भांडते.

खरी गोम स्टँडमध्ये आहे. नियमाप्रमाणे जमिनीपासून बोर्डाची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर. ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटरचं असतं, त्यावर बोर्ड ठेवला की खेळायची पातळी ८० च्या आसपास जाते. खांदा वर उचलून मारावं लागतं, बोट स्ट्रायकरला मधोमध न लागता वरून लागतं आणि स्ट्रायकर उडतो. लोकांना वाटतं आपल्याला खेळता येत नाही. खेळता येतं, टेबल उंच आहे. म्हणून स्वतंत्र स्टँड घ्याच. लोखंडी, घडीचा, चारही पायांना रबरी बूट असलेला. बूट नसतील तर म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ते रबर मेडिकलच्या दुकानात मिळतं, पायाची जाडी मोजून न्या. त्याने दोन कामं होतात: बोर्ड हलत नाही, आणि फरशीतून खालच्या मजल्यावर जाणारी ठकठक कमी होते. बोर्ड आडवा-उभा दोन्हीकडून समतल आहे ना हे मोबाइलमधल्या लेव्हल अ‍ॅपने तपासता येतं. एखाद्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काम होतं.

खुर्च्या साध्या, चार पायांच्या हव्यात. चाकांच्या खुर्चीवर बसून जोरात मारलं की माणूस मागे जातो, आणि नेम धरताना नकळत तिरका सरकतो. नियमात बोर्ड (एका डावालाही बोर्डच म्हणतात) चालू असताना खुर्ची हलवायला मनाई आहे. चाकं असली की हा नियम पाळणं अशक्य आणि त्यावरून वाद अटळ.

दिवा मधोमध, वरून टांगलेला, शेड असा की बसलेल्याच्या डोळ्यांत बल्ब येऊ नये. ट्यूबलाइट एका बाजूला असेल तर प्रत्येक सोंगटीची सावली एका अंगाला पडते आणि पातळ कट मारताना कड चुकते. जुन्या मंडळांत आणि क्लबांत ६० ते १०० वॉटचा पिवळा बल्ब खाली उतरवलेला असायचा. त्या बल्बचा उजेडाइतकाच उपयोग उबेचा होता, पावसाळ्यात बोर्ड कोरडा राहायचा. ९ वॉटचा एलईडी उजेड पुरेसा देतो, ऊब देत नाही. ती कसर एसीने भरून निघते, पण एसी नसलेल्या ऑफिसात जुलै-ऑगस्टमध्ये बोर्ड मंद होणार हे धरून चाला.

पावडरीबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. कॅरम पावडर म्हणून मिळणारी बरीचशी पावडर बोरिक अॅसिडची असते. ती पोटात जायची वस्तू नव्हे. ऑफिसात खेळ होतो जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात स्ट्रायकर. आधी डबा, मग खेळ, आणि खेळून झाल्यावर साबणाने हात, एवढी शिस्त लावून घ्या. स्टार्चची पावडरही मिळते, ती घेतलेली बरी. अंगाला लावायची सुगंधी टाल्कम चालत नाही, थोड्या दमट हवेत ती चिकटते आणि रेषांमध्ये थर धरते. प्रमाण म्हणाल तर चिमूटभर, सुती फडक्याने सगळीकडे सारखी. जास्त टाकली की सोंगटीपुढे पावडरीचा ढीग साचतो आणि ती वेडीवाकडी थांबते. बोर्ड ओल्या फडक्याने किंवा सॅनिटायझरने पुसू नका. लाखेवर पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. आणि बोर्ड प्रिंटर, सर्व्हर किंवा कोणाच्या लॅपटॉपशेजारी मांडू नका. ही बारीक पावडर पंख्यातून आत जाते.

सोंगट्या लाकडीच घ्या. माप ठरलेलं आहे: व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर, वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. काळ्यांचा आणि पांढऱ्यांचा ढिगारा शेजारी शेजारी उभा रचा; उंचीत फरक दिसला तर सेट परत करा. प्लॅस्टिकच्या सोंगट्या चौकटीवर आदळून फार उसळतात. दुसरा सेट आधीच घ्यावा असं म्हणायचं कारण साधं आहे: ऑफिसातली सोंगटी फाइलींच्या कपाटाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत नाही. बोर्डाबरोबर फुकट येणारा स्ट्रायकर बाजूला ठेवून चांगला विकत घ्या, जास्तीत जास्त १५ ग्रॅम आणि ४.१३ सेंटिमीटर. कुरिअरच्या काट्यावर १५ ग्रॅम कळत नाहीत, सोनाराकडे वजन करून मिळतं. त्याहून जड स्ट्रायकरने नवशिक्याला जोर आल्यासारखा वाटतो, पण चौकट लवकर ठेचते आणि नख काळंनिळं होतं. प्रत्येक ऑफिसात स्वतःचा स्ट्रायकर पाकिटात बाळगणारा एक असतोच. त्याचाही तोलून घ्या.

बोर्ड आल्यावर माणसं कळतात, ही या खरेदीची जमेची बाजू. मीटिंगमध्ये तावातावाने बोलणारा ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याला, सगळा जोर लावतो आणि राणी मध्येच राहते. हिशोब बघणारा बहुधा मारतच नाही. आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवतो, तुमची वाट बंद आणि त्याची तयार. आणि वस्तीतल्या मंडळात लहानपणापासून खेळलेला डिस्पॅचचा मुलगा किंवा ड्रायव्हर काका बसले की बाकीचे गप्प बघत उभे राहतात. कॅरम आणि ऑफिस हे नातं आपल्याकडे जुनं आहे. राष्ट्रीय आंतरसंस्था स्पर्धेत रिझर्व्ह बँक, एलआयसी यांचे संघ उतरतात आणि मुंबईचे जगज्जेते प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेचेच.

पण "साहेब, फाउल!" म्हणायची हिंमत ऑफिसात कोणाची होत नाही. त्यासाठी नियम छापून भिंतीवर लावा, माणसाऐवजी कागद बोलतो. तिथे हे नक्की असू द्या: स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनला टेकलेला हवा. स्ट्रायकर पॉकेटात गेला की एक सोंगटी दंड. राणी घ्यायच्या आधी आपली एक तरी सोंगटी गेलेली हवी, आणि राणीनंतर लगेच कव्हर, म्हणजे आपली आणखी एक सोंगटी. अंगठ्याने मारायला महासंघाची परवानगी आहे, त्यामुळे तो वाद मिटला. जोडीदार समोरासमोर बसतात आणि पाळी उजवीकडे जाते.

एक गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. तो जेवणाच्या सुट्टीत उरकत नाही आणि अडीचला कोणीतरी "हा शेवटचा बोर्ड" म्हणत पावणेतीनपर्यंत बसतं. त्यापेक्षा रोज दोनच बोर्ड खेळा आणि गुण व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात आठवडाभर पुढे न्या. एका बोर्डात जास्तीत जास्त १२ गुण मिळतात: समोरच्याच्या उरलेल्या नऊ सोंगट्या आणि राणीचे तीन. एकूण २२ गुण झाल्यावर राणीचे तीन धरत नाहीत. हे न सांगितल्यास शुक्रवारी भांडण ठरलेलं.

फोनवर बोलणाऱ्यांच्या टेबलांपासून बोर्ड लांब हवा. काचेच्या केबिनमध्ये आवाज घुमतो. सपोर्टचं काम करणारी टीम असेल तर खेळाची वेळ ठरवून घ्या, नाहीतर पहिली तक्रार त्यांच्याकडूनच येणार.

ठेवायचं कसं, तर आडवा, स्टँडवरच, वर कोरडी चादर. जागा नसेल तर भिंतीला दोन मजबूत हुक मारून सरळ उभा टांगा, तोंड भिंतीकडे. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड एका पावसाळ्यात वाकतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच. सोंगट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिकाच्या पुड्या टाका. दमटपणाने सोंगटीची कड फुलली असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरवर सपाट ठेवून दोन-तीन वेळा गोल फिरवा, जास्त घासली की वजन आणि जाडी दोन्ही जातं. जाळी सगळ्यात आधी फाटते, वर्षभराच्या वापरात एखादी तरी जाणारच. बोर्ड घेतानाच चार जाळ्यांचा सुटा सेट मागून घ्या. बसवायला छोटे खिळे आणि हातोडी पुरते.