पेशीतलं कॅल्शियम बघायचंय: फ्युरा-२ की जीकॅम्प?

जिवंत पेशीत कॅल्शियम कसं वरखाली होतं ते बघायला दोन रस्ते, एक म्हणजे फ्युरा-२ सारखा केमिकल डाय (चमकणारा रंग) आणि दुसरा जीकॅम्प, म्हणजे पेशीनं स्वतःच बनवलेला प्रोटीन सेन्सर.

फ्युरा-२ हा रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या लॅबमधला, १९८५ चा. त्याचा एएम प्रकार, म्हणजे पेशीच्या पडद्यातून जाऊ शकणारं रूप, पेशींवर टाकायचा, तो आपोआप आत शिरतो, आतली एन्झाइम्स त्याची शेपटी कापतात आणि डाय आत अडकतो, म्हणजे त्याच दिवशी रीडिंग. आणि खरी ताकद म्हणजे रेशो: ३४० आणि ३८० नॅनोमीटरला आळीपाळीने प्रकाश द्यायचा आणि ५१० च्या आसपासची चमक मोजून भागाकार करायचा, त्यामुळे पेशी जाड-पातळ असली किंवा डाय कमीजास्त भरला तरी फार बिघडत नाही. पण ३४० म्हणजे यूव्ही (अतिनील प्रकाश), पेशींना त्रास होतोच, शिवाय डाय हळूहळू बाहेर गळतो.

जीकॅम्प २००१ चा, जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांचा. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनला कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम पकडणारं प्रोटीन जोडलंय, कॅल्शियम चिकटलं की चमक वाढते. जीन आत घालून काही दिवस तरी थांबावं लागतं, पण मग हव्या त्याच प्रकारच्या पेशीत दिसतो आणि जिवंत उंदराच्या मेंदूत तेच न्यूरॉन आठवडेच्या आठवडे बघता येतात, हे मला अजूनही थक्क करतं! फक्त एकाच रंगाची चमक असल्याने नेमकं प्रमाण सांगणं अवघड.

माझं मत, आकडा हवा असेल तर फ्युरा-२, तीच पेशी पुन्हा पुन्हा बघायची असेल तर जीकॅम्पच.