मॉर्गेज मॉडिफिकेशनसाठी हडचा काउन्सेलर: फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका (४/५)

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. नोकरी गेलीय किंवा तास कमी झालेत आणि मॉर्गेज (घराचं कर्ज) झेपेनासं झालंय, तर मॉडिफिकेशनसाठी, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून हप्ता झेपेलसा करून घेण्यासाठी, सर्व्हिसरशी (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीशी) एकट्याने डोकं लावण्याआधी हडच्या (HUD, अमेरिकेचं केंद्रीय गृहनिर्माण खातं) यादीतला हाउसिंग काउन्सेलर गाठा, ८००-५६९-४२८७ वर फोन केला की जवळची एजन्सी सांगतात. फोरक्लोजर (हप्ते थकल्यावर घराची जप्ती आणि लिलाव) टाळण्यासाठीचं हे काउन्सेलिंग फुकट असतं. "लोन मॉडिफाय करून देतो, आधी फी भरा" अशी पत्रं येतात ना, ती सरळ कचऱ्यात, वकील सोडले तर आधी पैसे घ्यायला फेडरल नियमाने बंदी आहे.

आमच्या काउन्सेलर बाई एकदम कडक. नवऱ्याचे कॉन्ट्रॅक्टचे तास निम्म्यावर आलेले आणि माझे घरगुती डब्यांचे पैसे झेल (Zelle) या पेमेंट अ‍ॅपवर सुटेसुटे येतात, तर त्यांनी किराणा, पेट्रोल वजा करून महिनेवार नफा-तोटा लिहून घेतला. कारण कमाई फारच कमी दिसली तर सर्व्हिसर म्हणणार नवा हप्ताही यांना जमणार नाही, आणि जास्त दिसली तर म्हणणार मग अडचण कुठाय! बँक स्टेटमेंटचं शेवटचं कोरं पानसुद्धा लावायला लावलं, एक पान कमी असलं की अर्ज अपुरा. अर्ज पूर्ण असेल आणि घराच्या लिलावाला ३७ दिवसांहून जास्त वेळ असेल तर सर्व्हिसरला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तोवर लिलाव करता येत नाही. आमच्या सर्व्हिसरने तीच पे स्टब (पगाराची पावती) परत परत मागितली, बाईंनी दर वेळी अपलोडची पावती तोंडावर टाकली.

आमचं लोन फॅनी मेचं (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी कंपनी), त्यामुळे त्यांची फ्लेक्स मॉडिफिकेशन ही योजना. आधी ट्रायलचे, म्हणजे चाचणीचे, हप्ते वेळेत भरायचे, मग कायमचं होतं. थकबाकी मुद्दलात जाते आणि मुदत ४० वर्षांपर्यंत ताणतात, म्हणजे व्याज भरपूर जाणार, पण घर राहतं.

एक स्टार कापला कारण अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, आणि एस्क्रोचं (हप्त्यासोबत टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी घेतले जाणारे पैसे) बाईंनी फार उशिरा सांगितलं. मॉडिफिकेशनमध्ये कमी होतो तो हप्त्यातला मुद्दल आणि व्याजाचा भाग. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, तो काही कमी होत नाही, त्यामुळे एकूण हप्ता वाटला तेवढा उतरला नाही. पहिल्याच मीटिंगला टॅक्स आणि इन्शुरन्स धरून आकडा मागा.