तिकीट उघडून बघणारे टॅक्सीवाले

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात साहेबांच्या दौऱ्यांची तिकिटं, हॉटेल, गाड्या हे सगळं मी बघते. दिल्लीला जायचं तर आम्ही पुण्याहून विमान धरतो, म्हणजे आधी पाच-साडेपाच तास गाडीचा प्रवास. त्यासाठी विश्रामबागमधल्या या टॅक्सीवाल्यांकडून मी दोन वर्षं गाडी घेतेय.

गेल्या महिन्यात माझी चूक झाली. तिकिटावर १४ तारीख, वेळ ००:४०. महिन्याच्या गाड्यांची यादी करताना मी १४ च्या संध्याकाळची गाडी लिहिली. खरं तर १३ च्या संध्याकाळीच सांगली सोडायला हवी होती. साहेब आदल्या दिवशीच बडोद्याहून आलेले, ते माझ्या यादीवर विसंबून.

१३ ला पावणेचारला टॅक्सीच्या मालकांचा फोन. "मॅडम, तुम्ही पाठवलेलं तिकीट आत्ता बघतोय. हे विमान आज रात्रीचं आहे. उद्याचं नाही." माझे हातपाय गार पडले. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "एर्टिगा मोकळी आहे, वीस मिनिटांत गेटवर लावतो. साहेबांची बॅग घरून घ्यायचीय का?"

सव्वाचारला गाडी निघाली. वाटेत साहेबांच्या घरून बॅग घेतली, मग आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. कराडजवळ अर्धा तास अडकले. मी घरी देवापाशी बसून होते. ड्रायव्हरदादा मला प्रत्येक टप्प्यावर कळवत होते, आणि तेही गाडी थांबलेली असतानाच: तासवडे टोल, आनेवाडी, खेड शिवापूर. खंबाटकीचा बोगदा मागे पडल्याचं साहेबांनी स्वतः कळवलं, तेव्हा कुठे मी जेवले. दहा वाजून दहा मिनिटांनी पुण्याचं लोहगाव विमानतळ. दिल्लीच्या पार्टीबरोबरची १४ ची मीटिंग वेळेवर झाली.

ऐनवेळी गाडी दिली म्हणून एक रुपया जास्त लावला नाही, हे मुद्दाम सांगते.

बिलाच्या बाबतीत मात्र यांनी सुधारायलाच हवं. बिल नऊ दिवसांनी आलं, त्यावर आमचा जीएसटी नंबर नव्हता, टोलच्या पावत्या जोडलेल्या नव्हत्या. अकाउंट्सने ते दोनदा परत पाठवलं आणि मला चार फोन करावे लागले. दर वेळी हेच होतं.

तरी गाडी यांच्याकडूनच घेणार. तुम्हीही गाडी सांगाल तेव्हा नुसती तारीख-वेळ सांगू नका, तिकिटाचा फोटो पाठवा. ते तो खरंच उघडून वाचतात.