बाबांचा ॲम्प्लिफायर: दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

१९८४ साली बाबांनी कापसाच्या पैशातून घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी जानेवारीत दुरुस्त केला. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दोन-तीन तास वाजतो. मेचं ऊन, पावसाळ्याची ओल आणि आमच्या आर्वी तालुक्यातली लाइन, तिन्हींतून पार पडला म्हणून आता लिहितो आहे.

दुखणं असं होतं: चालू केला की डाव्या बाजूने मोठी घूं, आणि दोन मिनिटांत फ्यूज जायचा. एका मेकॅनिकने त्या बाजूचे दोन्ही २एन३०५५, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर, बदलून दिले. आठ दिवस वाजला, मग परत तेच. पुन्हा बदलले, तर घरी आणून लावताच गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकाजी, भंगारात देऊन टाका, याच्यात काही राह्यलं नाही." मला पटलं नाही. उजवी बाजू चाळीस वर्षं मूळ ट्रान्झिस्टरवरच वाजत होती. मग डावीकडचेच का जळतात?

डावीकडे पुन्हा नवी जोडी घातली आणि घरीच सिरीज बोर्ड केला, म्हणजे सेटला जाणारी वीज १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून नेली. सेट चांगला असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि मोठे कंडेन्सर भरले की मंदावतो. आत शॉर्ट असेल तर पेटलेलाच राहतो, पण ट्रान्झिस्टर वाचतात. माझा पेटलेलाच राहिला. कोरड्या लाकडी काडीने पीसीबीवरचा एकेक पार्ट हळूच दाबत गेलो. बायसच्या प्रिसेटला (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा थोडा करंट, म्हणजे बायस, ठरवणारा फिरता छोटा रेझिस्टर) काडी लागली आणि बल्ब मंद. काडी उचलली, परत लख्ख.

प्रिसेट काढून भिंगाखाली धरला. फिरत्या पात्याखालची काळी पट्टी एका जागी खरवडली होती, पातं टेकतच नव्हतं. या सर्किटमध्ये ते पातं सुटलं की बायस ट्रान्झिस्टरच्या बेसला काही मिळत नाही, तो बंद पडतो आणि आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच जोरात करंट ओढू लागतात. मग कितीही नवे घाला, जळणारच. नवा प्रिसेट लावला. पुढे कधी पातं सुटलंच तर बायस चढण्याऐवजी उतरावा म्हणून कलेक्टर ते बेस १० किलोओहमचा रेझिस्टरही टाकला.

जळालेल्या नव्या ट्रान्झिस्टरची टोपी कानशीने घासून उघडली, बाबांच्या वेळचा जळका होता त्याचीही. नव्यातला सिलिकॉनचा तुकडा जुन्याच्या निम्माही नव्हता. म्हणजे माल नकली. म्हणून पुढचे नागपूरला बर्डीवर जाऊन, हातात वजन घेऊन आणले.

बायस ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट ठेवला, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तो १४ मिलिव्होल्टवर गेला आणि तिथेच थांबला. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो, त्यामुळे बायस ट्रान्झिस्टरलाही तीच उष्णता कळून त्याने बायस आवरावा म्हणून तो हीटसिंकला (आउटपुट ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) नीट चिकटलेला हवाच. माझ्या सेटमध्ये त्याखालची पेस्ट वाळून पीठ झाली होती, ती बदलली.

कंडेन्सर मात्र विचार करून घ्या. आमच्याकडे रात्री पंप बंद झाले की लाइन २५० ला जाते. आतला ४४ व्होल्टचा सप्लाय तेव्हा ४८ होतो, आणि जुने कंडेन्सर ५० चेच होते. मी ४७०० मायक्रोफॅरडचे ६३ व्होल्टवाले घातले. उघडण्याआधी प्लग काढा आणि कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे करा, हे विसरू नका.

व्हॉल्यूमची खरखर गेलेली नाही. क्लीनर मारला की दोन महिने शांत, पावसाळ्यात परत सुरू. त्याच मापाचा जोडकंट्रोल (दोन्ही बाजूंचा आवाज एकदम फिरवणारा) अजून मिळाला नाही. ऑगस्टमध्ये मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, तेव्हापासून मच्छरदाणीचं कापड लावलं आहे.

आई संध्याकाळी खंजेरी भजनांची कॅसेट लावते. अर्ध्या तासाने मी दोन्ही हीटसिंकवर हात ठेवून पाहतो. आता दोन्ही सारखेच कोमट लागतात.