इम्पॅक्ट ड्रिल घ्यावं की रोटरी हॅमर?

पुण्याजवळ पुनावळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मावसभाऊ पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडायला उभा राहिला. मशीन माझंच, इम्पॅक्ट ड्रिल. पाऊण तासात एक भोक झालं, तेही जेमतेम दीड सेंटिमीटर खोल. बिटचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांड्याचं, टोक निळं पडलेलं आणि शेजारच्या काकू दारात. संध्याकाळी एका ओळखीच्या प्लंबरने रोटरी हॅमर आणला आणि चारही भोकं चहा उकळेपर्यंत उरकली. तेव्हापासून मला कोणी ‘कुठलं मशीन घेऊ?’ विचारलं, की मी आधी विचारतो, भिंत कसली आहे?

दोन्ही मशीनं ‘ठोकतात’ हे खरं, पण ठोकण्यात फरक आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारत फिरतात. मिनिटाला चाळीसेक हजार ठोके बसतात, पण प्रत्येक ठोका टिचकीएवढा. बाकीचा जोर तुमच्या खांद्याने द्यायचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन मागेपुढे होतो, कोंडलेली हवा दाबली जाते आणि तिच्या धक्क्याने आतला लोखंडी ठोकळा बिटच्या बुडावर आदळतो. ठोके चार-पाच हजारच, पण घरगुती, 2 किलो गटातल्या मशीनचाही एकेक ठोका 2 ते 3 ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ठोक्याच्या ऊर्जेचं माप). म्हणून हॅमर रेटायचा नसतो, नुसता टेकवून धरायचा. इम्पॅक्टची सवय असलेला माणूस हॅमरवरही छाती लावून दाब देतो. त्याने भोक लवकर होत नाही, हात मात्र भरून येतात.

आता भिंती. हिंजवडी, वाकड, पुनावळ्याकडच्या अनेक टॉवर्समध्ये मिव्हान पद्धतीचं बांधकाम आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट आणि आत सळयांची जाळी. तिथे इम्पॅक्ट ड्रिल म्हणजे दगडावर डोकं आपटणं. कोथरूड किंवा सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत भिंत विटांची. तिथे इम्पॅक्ट पुरतं. फक्त खिडकीवरची काँक्रीटची पट्टी (लिंटेल) किंवा बीम लागला की अडतं. हलक्या, राखाडी एएसी ब्लॉकच्या भिंतीला ठोका नकोच. नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर भोक भसकतं आणि स्क्रू धरून ठेवणारी भोकातली खुंटी, म्हणजे रावल प्लग, गरगर फिरत बसतो. पेठांतल्या वाड्यांच्या भिंती तर मातीच्या नाहीतर चुन्यात बांधलेल्या विटांच्या. तिथे हॅमर लावला की भोकाआधी पोपडे गळतात.

मिव्हानची आणखी एक गोम आहे. विटांच्या भिंतीत वायरिंगची झिरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा आडवी असते, अंदाज बांधता येतो. मिव्हानमध्ये पाइप काँक्रीट ओतण्याआधीच जाळीला बांधलेले असतात, ते सरळच गेले असतील याची खात्री नाही. बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागा, भिंतीतली वायर-सळई शोधणारा डिटेक्टर फिरवा, त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि मशीनला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.

सळई लागली तर? हॅमरच्या बिटला काँक्रीट फोडता येतं, लोखंड नाही. कार्बाइडचं टोक उडतं. भोक दोन बोटं सरकवा. कॉलम-बीममधली सळई कापायचा मोह तर नकोच. बिट सळईत अडकलं, तर हॅमरमधला क्लच टर्रर्र करून सुटतो आणि मनगट वाचतं. स्वस्त इम्पॅक्टमध्ये क्लच बहुधा नसतोच, बिट अडकलं की अख्खं मशीन फिरतं. माझा अंगठा त्याच धड्याने आठवडाभर सुजला होता. बाजूची मूठ ‘आडवी येते’ म्हणून मीच काढून ठेवली होती. क्लच आहे म्हणून हॅमरची मूठही काढू नका. स्टुलावर उभं राहून ट्रिगरचं लॉक बटण दाबू नका. ओढणी, पदर, मोकळे केस, सैल हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या बिटजवळ नको.

धूळ दोन्हींची सारखीच वाईट, कारण काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. एन-95 मास्क आणि गॉगल लावा, रुमाल चालणार नाही. भोकातली पूड तोंडाने फुंकली तर ती आपल्याच डोळ्यांत येते. छोटा हातपंप मिळतो. कानात बोळेही हवेत.

टाइलवर दोन्ही मशीनं ठोका बंद ठेवूनच सुरू करायची. टाइल पूर्ण आरपार झाली, की मग ठोका. मोडचा खटका मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवा.

देखभालीत इम्पॅक्ट सोपं: बिट पकडणारा चक साफ ठेवा, हवेची भोकं ब्रशने झाडा, मोटरमधले कार्बन ब्रश झिजले की बदला. हॅमर थोडे लाड मागतो. त्याचं खाचा असलेल्या दांड्याचं (एसडीएस प्लस) बिट चावीने आवळत नाहीत, खटक्यात बसवतात. ते सेंटिमीटरभर मागेपुढे हलतं, तो बिघाड नव्हे. बसवण्याआधी दांडा पुसून त्यावर चिमूटभर ग्रीस लावा आणि बसल्यावर ओढून बघा. तोंडाशी रबराची टोपी असते. ती फाटली की धूळ थेट आत जाते; तेवढी बदलायचा आळस महागात पडतो. तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका, कार्बाइड तडकतं.

पैशांचं सांगायचं तर चांगलं इम्पॅक्ट अडीच ते चार हजारांत येतं, नावाजलेल्या कंपनीचा, काँक्रीटमध्ये 26 मिलिमीटरपर्यंत भोक पाडणारा हॅमर सहा हजारांच्या पुढे. विटांचं घर असेल तर इम्पॅक्ट घ्या आणि विषय संपवा. मिव्हानमध्ये राहायला जाताय आणि पुढेही काही ना काही टांगत राहणार असाल, तर हॅमरच घ्या. ठोका बंद करून तो ब्लॉकच्या भिंतीलाही चालतो. एकदाच वीसेक भोकं पाडायची असतील तर भाड्याने आणा. मात्र दुकानातच चालवून बघा: वायरला कुठे चिकटपट्टी गुंडाळली आहे का, आत ठिणग्यांचं कडं दिसतंय का, बाजूची मूठ दिली आहे का. ती बहुतेक वेळा दिलेली नसते.